द्विशाखी दवबिंदूची रूपे : संवर्धन आणि तुलना

सह्याद्रीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात हिंडलेल्या विद्यार्थ्यास दवबिंदू ही वनस्पती नवी नाही. ड्रॉसेरा इंडिकाची उभी, दोऱ्यासारखी बारीक पाने आणि ड्रॉसेरा बर्मानायची जमिनीलगत पसरलेली, पाचरीच्या आकाराच्या पानांची चकती ही दोन्ही त्याने कासच्या पठारावर पाहिलेली असतात. या दोन जातींत गोंधळ होण्याचा संभव नाही. पान पाहताच जाती ओळखू येते. त्यामुळे पानाचा आकार ही जातीची हुकमी खूण होय, अशी समजूत नकळत मनात रुजते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील ड्रॉसेरा बायनाटा ही जाती मात्र या समजुतीस धक्का देते. हिच्या काही रोपांच्या पानास दोनच फाटे असतात, काहींच्या पानास चार ते आठ, तर काहींच्या पानास तीस किंवा त्याहूनही अधिक टोके असतात. एवढा भेद असूनही या सर्वांचा समावेश आज सर्वसाधारणपणे एकाच जातीत केला जातो.

असा भेद दिसला म्हणजे दोन प्रश्न उपस्थित होतात. हा भेद आनुवंशिक किती आणि परिस्थितिजन्य किती, हा पहिला. जो भेद आनुवंशिक ठरेल तो त्या रूपाचा म्हणावयाचा की आपल्या कुंडीत योगायोगाने आलेल्या एका विशिष्ट रोपाचा, हा दुसरा. पहिला प्रश्न सर्वपरिचित आहे. दुसऱ्याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते, आणि तेथेच कष्टाने केलेली तुलना निष्फळ ठरते. द्विशाखी दवबिंदूचे संवर्धन आणि त्याच्या रूपांची तुलना यांचा विचार करताना या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वनस्पतीचा परिचय

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लाबिलार्दिएर हा दांत्रकास्तोच्या सागरी मोहिमेबरोबर १७९२ व १७९३ या वर्षी टास्मानियाच्या किनाऱ्यावर उतरला होता. पुढे १८०४ ते १८०७ या काळात भागांनी प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात त्याने या जातीचे वर्णन करून तिला ‘बायनाटा’ म्हणजे ‘जोडीचे’ हे नाव दिले. पूर्व व आग्नेय ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि न्यूझीलंड येथील दलदली, पाझराच्या जागा आणि ओलसर वाळूची मैदाने हे तिचे मूलस्थान होय. ड्रॉसेरा या मोठ्या प्रजातीत ती बरीचशी एकाकी असून फायकॉप्सिस या उपप्रजातीत केवळ तिचाच अंतर्भाव केला जातो.

हिचा देठ लांब, ताठ व गुळगुळीत असतो. देठाच्या शेंड्याशी पाते दुभंगते आणि दोन्ही फाटे अरुंद पट्टीसारखे वाढत जातात. कोवळेपणी हे फाटे नेच्याच्या कोवळ्या पानाप्रमाणे गुंडाळलेले असतात. पात्यावर प्रपिंडयुक्त संस्पर्शक असून त्यांच्या टोकांवर चिकट स्रावाचे थेंब चमकतात. या थेंबांत अडकलेल्या कीटकाचे पचन करून वनस्पती नायट्रोजन व फॉस्फरस मिळविते. कारण ज्या मातीत ती उगवते त्या मातीत ही द्रव्ये अत्यल्प असतात. जमिनीखाली काळसर, जाड व मांसल मुळे असतात. संवर्धनाच्या दृष्टीने ही मुळे फार महत्त्वाची आहेत, हे पुढे दिसून येईल.

चार्ल्स डार्विन याने १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथात या जातीस स्वतंत्र स्थान दिले आहे. त्यास हे रोप लेडी डोरोथी नेव्हिल यांजकडून मिळाले होते. त्याने आपल्या विवेचनास दिलेला मथळाच बोलका आहे : ‘ड्रॉसेरा बायनाटा किंवा डायकॉटोमा’. रोपाचे पाते पुनःपुन्हा दुभंगलेले होते. ते पाहता कोणते नाव वापरावे, याविषयीची संदिग्धता या ‘किंवा’मध्ये दिसते. ती संदिग्धता आजही पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

रूपे आणि त्यांची नावे

उद्यानांत व संग्रहांत या जातीची मुख्यतः चार रूपे मानली जातात. ज्याचे पान एकदाच दुभंगते व ज्याचे दोन फाटे इंग्रजी टी किंवा वाय या अक्षराप्रमाणे पसरतात, ते पहिले. त्यास टी-रूप म्हणतात. ते मुख्यतः थंड दक्षिण प्रदेशांतले. दोन-तीनदा दुभंगून साधारणतः चार ते आठ टोके होणारे ते डायकॉटोमा. आठांहून अधिक टोके असणारे ते मल्टिफिडा. ज्याची टोके तीस-चाळीस किंवा त्याहूनही अधिक होतात आणि पान एखाद्या झुडपासारखे दिसू लागते, ते मल्टिफिडाचेच टोकाचे रूप, म्हणून एक्स्ट्रीमा. अनेकशाखी रूपे सामान्यतः उत्तरेकडील उष्ण भागांतली, विशेषतः क्वीन्सलंडच्या आग्नेय किनाऱ्याकडची आहेत.

ही वाटणी सोयीची असली, तरी ती कशावर उभी आहे हे तपासून पाहावयास हवे. पाते दर वेळी दुभंगते, म्हणजे टोकांची संख्या दुप्पट होते : एकदा दुभंगल्यास २, दोनदा ४, तीनदा ८, चारदा १६, पाचदा ३२. अर्थात सर्व फाटे सारखेच दुभंगत नाहीत. म्हणून ५, ७ किंवा १३ अशा संख्याही आढळतात. पण मूळ क्रिया एकच आहे, आणि ती किती वेळा घडते एवढाच फरक आहे. दोन टोकांचे पान व चार टोकांचे पान यांत जेवढे अंतर, तेवढेच अंतर सोळा टोकांच्या व बत्तीस टोकांच्या पानांत आहे : एका दुभंगाचे. डोळ्यांना मात्र पहिले अंतर किरकोळ आणि दुसरे प्रचंड वाटते. म्हणून टोकांची नुसती संख्या न मांडता तिचा दोन या पायाचा लॉगरिथम घेणे अधिक युक्त ठरते. असे केल्यावर ही चार रूपे चार वेगळ्या वस्तू न राहता एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, असे दिसू लागते. आणि आठ टोकांपाशी ओढलेली रेघ निसर्गाने ओढलेली नसून आपण ओढलेली आहे, हेही ध्यानात येते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकच रोप या शिडीवर वर-खाली होते. बीपासून उगवलेल्या रोपाची पहिली पाने लहान, गोलसर व मुळीच न दुभंगलेली असतात. काही पानांनंतर पहिला फाटा दिसतो. पुढे रोप प्रौढ होत जाईल तसतशी टोके वाढतात. मुळाच्या तुकड्यापासून वाढविलेल्या मल्टिफिडाची आरंभीची पानेही पुष्कळदा दोनच फाट्यांची असतात. प्रौढ रोपही अंधाऱ्या जागी किंवा दाटीच्या कुंडीत क्षीण झाले, म्हणजे त्याच्या नव्या पानांची टोके कमी होतात. तेव्हा ‘दोन टोके, म्हणून टी-रूप’ असे अनुमान काढणाऱ्याने त्या रोपाचे वय व प्रकृती आधी विचारली पाहिजे. टोकांची संख्या आनुवंशिकतेचे फळ आहे, वयाचे फळ आहे आणि परिस्थितीचेही फळ आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय तुलनेस अर्थ येत नाही.

समान परिस्थितीतील लागवडीचे तत्त्व

आनुवंशिक व परिस्थितिजन्य भेद वेगळे करण्याचा मार्ग वनस्पतिशास्त्रास जुनाच ठाऊक आहे : भिन्न ठिकाणची रोपे एकाच ठिकाणी, एकाच परिस्थितीत वाढवावयाची. जो भेद तेथेही टिकतो तो आनुवंशिक, जो मावळतो तो परिस्थितीचा. स्वीडनमधील ग्योटे ट्युरेसन याने हायरेसियम अंबेलाटम ही वनस्पती वाळूच्या टेकड्यांवरून व समुद्रकाठच्या कड्यांवरून आणून बागेत लावली, तेव्हा पानांच्या रुंदीतील व रोपांच्या ठेवणीतील भेद बागेतही कायम राहिले. या कार्यातून त्याने १९२२ मध्ये परिस्थितिरूपाची कल्पना मांडली. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक व हायसी यांनी हेच तत्त्व पुढे नेले. एकाच रोपाचे तुकडे करून ते त्यांनी समुद्रसपाटीजवळील स्टॅनफर्ड, सुमारे १,४०० मीटर उंचीवरील माथर आणि सुमारे ३,००० मीटर उंचीवरील टिंबरलाइन अशा तीन बागांत वाढविले. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. एकच आनुवंशिक घडण तीन परिस्थितींत कशी वागते आणि तीन घडणी एका परिस्थितीत कशा वागतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यांच्या मांडणीत होते.

द्विशाखी दवबिंदू या पद्धतीस विलक्षण अनुकूल आहे, तो त्याच्या मुळांमुळे. कुंडी रिकामी करून जाड मुळे काढावीत, त्यांचे तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत, ते ओल्या मिश्रणावर आडवे ठेवून वर अर्ध्या सेंटिमीटरचा पातळ थर द्यावा. काही आठवड्यांतच प्रत्येक तुकड्यातून एक किंवा अनेक कोंब वर येतात. पानांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. अशा रीतीने एका रोपापासून थोड्याच काळात वीस-पंचवीस रोपे सहज मिळतात आणि ती आनुवंशिक घडणीने एकसारखी असतात.

संवर्धनाची पथ्ये

तुलनेसाठी करावयाच्या संवर्धनात ‘रोप जगले’ एवढे पुरत नाही. सर्व रोपांस सारखीच वागणूक मिळाली असे खात्रीने सांगता आले पाहिजे. त्या दृष्टीने काही गोष्टी येथे नमूद करतो.

पाणी क्षाररहित असावे. पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. नळाच्या व विहिरीच्या पाण्यातील क्षार हळूहळू कुंडीत साचतात व रोप खंगत जाते. विद्राव्य क्षारांचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे पन्नास भागांच्या आत ठेवणे हितावह असते. कुंडी दोन-तीन सेंटिमीटर पाणी असलेल्या तबकात ठेवावी. मिश्रण पीट व धुतलेली गारेची वाळू समभाग घेऊन करावे. समुद्राची वाळू निषिद्ध. पीटऐवजी नारळाचा भुसा वापरावयाचा झाल्यास तो क्षाररहित पाण्याने पुनःपुन्हा धुऊन घ्यावा, कारण त्यात क्षार असू शकतात. शेणखत किंवा रासायनिक खत मिश्रणात मुळीच घालू नये. संपूर्ण प्रयोगास लागणारे मिश्रण एकाच वेळी कालवून ठेवणे श्रेयस्कर. दोन वेळा केलेली मिश्रणे कधीच एकसारखी होत नाहीत.

प्रकाश भरपूर हवा. या वनस्पतीचा तांबूस रंग प्रकाशावर फार अवलंबून असतो. सावलीत वाढलेले लाल रूप हिरवे होते. म्हणून सर्व कुंड्यांस समान प्रकाश मिळाल्याची मोजमापाने खात्री झाल्याविना रंगाचा उपयोग तुलनेसाठी करू नये. तापमानाविषयीही सावध असावे. थंड प्रदेशातील टी-रूप हिवाळ्यात जमिनीवरून नाहीसे होते व वसंतात मुळांतून पुन्हा उगवते. उत्तरेकडील अनेकशाखी रूपे मात्र उबदार जागी वर्षभर वाढत राहतात. अशा वेळी हिवाळ्यात घेतलेली मोजमापे एका झोपलेल्या व एका जाग्या रोपाची तुलना ठरतील. निद्राकाल हा स्वतंत्र गुण म्हणून नोंदवावा : शेवटचे पान कधी सुकले, पहिला कोंब कधी आला. इतर गुणांची तुलना मात्र सर्व रोपे पूर्ण वाढीत असतानाच करावी.

आहाराची बाब विशेष नाजूक आहे. दवबिंदू आपले अन्न स्वतः पकडतो. काचगृहाच्या दाराजवळील कुंडीस अधिक चिलटे मिळतात, कोपऱ्यातील कुंडीस कमी. आणि या फरकाचा परिणाम वाढीवर व बीजधारणेवर होतो. फ्रान्सिस डार्विन याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जाळीखाली वाढविलेल्या ड्रॉसेरा रोटंडिफोलियाच्या काही रोपांस मांसाचे तुकडे दिले व काहींस उपाशी ठेवले. अन्न मिळालेल्या रोपांत बीजधारणा लक्षणीयपणे अधिक झाली. तेव्हा सर्व रोपे बारीक जाळीखाली ठेवून एक तर सर्वांस उपाशी ठेवावे, किंवा सर्वांस ठराविक दिवशी मोजून सारखेच अन्न द्यावे. जाळी न वापरता केलेल्या तुलनेत अनेक टोकांचे रूप ‘अधिक जोमदार’ ठरले, तर तो जोम आनुवंशिक की शिकारीचा, हे सांगता येणार नाही.

आणखी एक पथ्य पानाच्या वाढीसंबंधीचे आहे. पानाचे फाटे कोंबावस्थेतच ठरलेले असतात. उलगडलेल्या पानास नवे फाटे फुटत नाहीत. त्यामुळे नव्या परिस्थितीचा परिणाम केवळ त्यानंतर निर्माण झालेल्या पानांवर दिसतो. प्रत्येक पानास क्रमांक द्यावा आणि मुळाच्या तुकड्याच्या आकाराचा प्रभाव ओसरेपर्यंतची आरंभीची पाने हिशेबातून वगळावीत. तुकडे कापताना त्यांचे वजन नोंदवून ठेवले, तर हा प्रभाव पुढे हिशेबात धरता येतो.

एक रोप की अनेक?

आता आरंभी उपस्थित केलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने चार रूपांपैकी प्रत्येकाचे एक रोप मिळविले, प्रत्येकाच्या मुळांचे वीस तुकडे केले, ऐंशी कुंड्या भरल्या, वरील सर्व पथ्ये काटेकोरपणे पाळली आणि वर्षभर मोजमापे घेतली. ऐंशी आकडे हाती आले. प्रचरण-विश्लेषणात रूपांमधील फरक अत्यंत लक्षणीय ठरला. त्याने निष्कर्ष लिहिला : ‘टी-रूपाहून डायकॉटोमाचा देठ लांब असतो.’ हा निष्कर्ष त्यास काढता येतो काय?

येत नाही. त्याच्याजवळ टी-रूपाच्या वीस कुंड्या आहेत, पण टी-रूपाची व्यक्ती एकच आहे. वीस कुंड्या त्या एकाच व्यक्तीची वीस अंगे होत. टी-रूपाची दुसरी व्यक्ती घेतली असती, तर तिचा देठ किती लांब निघाला असता, याविषयी या ऐंशी आकड्यांत तीळमात्रही माहिती नाही. एका घराण्यातील एका माणसाची उंची वीस वेळा मोजली, म्हणून त्या घराण्याची उंची कळत नाही. फार तर त्या माणसाची उंची अधिक अचूक कळते. ‘हे रोप त्या रोपाहून आनुवंशिकतेने वेगळे आहे’ एवढेच विधान त्या विद्यार्थ्यास करता येईल. ‘हे रूप त्या रूपाहून वेगळे आहे’ हे विधान करता येणार नाही. पर्यावरणशास्त्रातील प्रयोगांचा आढावा घेऊन स्टुअर्ट हर्लबर्ट याने १९८४ मध्ये या दोषास ‘आभासी पुनरावृत्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. हा दोष निष्काळजी संशोधकाकडूनच घडतो असे नव्हे. काळजीपूर्वक केलेल्या कामात तो अधिक सहज लपतो, कारण कुंड्यांची मोठी संख्या पाहून मन निर्धास्त होते.

द्विशाखी दवबिंदूच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. ज्या मुळांमुळे हे रोप प्रयोगास सोयीचे झाले, त्याच मुळांमुळे संग्रहांतील रोपे पिढ्यान् पिढ्या तुकड्यांनीच वाटली गेली आहेत. दहा बागांतून आणलेली दहा टी-रूपे एकाच मूळ रोपाचे तुकडे असण्याचा दाट संभव असतो. शिवाय या जातीचे अनेक क्लोन स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. त्यांस दुसऱ्या क्लोनचा पराग लागतो. अशा बागेत बी धरले जात नसल्यामुळे नवे आनुवंशिक वैविध्य निर्माण होण्याची वाटच बंद असते. पण याच गुणाचा उपयोग परीक्षेसाठीही करता येतो. स्ववंध्य असलेल्या दोन टी-रूपांच्या फुलांत परस्परांचा पराग घातला व बी धरले, तर ती दोन रोपे निश्चितच वेगळ्या क्लोनची होत. बी धरले नाही, तर ती एकच असण्याचा संशय बळावतो. डी.एन.ए.ची तपासणी करण्याची सोय नसलेल्या प्रयोगशाळेतही ही कसोटी लावता येण्यासारखी आहे.

तर मग प्रयोगाची मांडणी कशी असावी? त्याच ऐंशी कुंड्या अधिक शहाणपणाने वापरता येतात. प्रत्येक रूपाच्या पाच भिन्न व्यक्ती घ्याव्या : शक्य तर मूलस्थान ठाऊक असलेल्या बियांपासून वाढविलेल्या. प्रत्येक व्यक्तीपासून मुळाच्या तुकड्यांनी चार रोपे करावी. काचगृहातील जागेचे चार ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक व्यक्तीचे एक, अशी वीस रोपे चिठ्ठ्या टाकून यादृच्छिक क्रमाने ठेवावी. एकूण स्वातंत्र्यमात्रा ७९. त्यांपैकी रूपांसाठी ३, रूपांतर्गत व्यक्तींसाठी १६, ब्लॉकसाठी ३ आणि शेष प्रमादासाठी ५७. रूपांमधील फरकाची कसोटी शेष प्रमादाशी नव्हे, तर रूपांतर्गत व्यक्तींच्या प्रचरणाशी, म्हणजे ३ व १६ स्वातंत्र्यमात्रांवर घ्यावयाची. पहिल्या मांडणीत व्यक्तींसाठी एकही स्वातंत्र्यमात्रा उरत नव्हती. म्हणजे रूपांची कसोटी घेण्यास तेथे आधारच नव्हता. श्रम तेवढेच, कुंड्या तेवढ्याच. पण दुसऱ्या मांडणीत प्रश्नाचे उत्तर मिळते, पहिल्यात केवळ उत्तराचा भास होतो. आर. ए. फिशर याने १९३५ मध्ये प्रयोगांच्या अभिकल्पावरील आपल्या ग्रंथात यादृच्छिकीकरण व पुनरावृत्ती यांवर जो भर दिला, त्याचे मर्म हेच आहे की, आकडे गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाण्यात फारसा लाभ नसतो. विचार कुंड्या भरण्यापूर्वी करावयाचा असतो.

या मांडणीतून आणखी एक लाभ होतो. रूपांतर्गत व्यक्तींमधील फरक किती मोठा आहे, हेही त्यातून कळते. डायकॉटोमाच्या पाच व्यक्तींपैकी काही मल्टिफिडाच्या जवळ व काही टी-रूपाच्या जवळ आढळल्या, तर ‘रूपे’ ही वर्गवारीच सैल आहे असे दिसून येईल. उलट प्रत्येक रूपाच्या व्यक्ती परस्परांस धरून राहिल्या आणि रूपांमध्ये स्पष्ट खंड पडला, तर त्या रूपांस वर्गीकरणात नाव देण्यास आधार मिळेल. एकेका रोपाची तुलना करणाऱ्यास यांपैकी काहीच सांगता येत नाही. या जातीत प्लंबाजिन नावाचे औषधी दृष्ट्या महत्त्वाचे द्रव्य तयार होते. एखाद्या रूपात ते अधिक असल्याचे विधान पुढे आल्यास त्यासही हीच कसोटी लावावयास हवी : किती व्यक्ती तपासल्या?

नोंदी आणि निर्बंध

अशा कामाचे मोल नोंदींवर ठरते. प्रत्येक क्लोनचा स्वतंत्र क्रमांक, तो कोठून व केव्हा मिळाला, मूलस्थान ठाऊक आहे की नाही, हे सर्व लिहून ठेवावे. रूपाचे नाव हे मत आहे, क्रमांक हे तथ्य आहे. नाव उद्या बदलेल, क्रमांक बदलणार नाही. प्रत्येक क्लोनचे एक प्रौढ पान व फुलोरा वाळवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवावा. गुणसूत्रांची संख्याही प्रत्येक क्लोनची वेगळी मोजावी. एका क्लोनची संख्या संपूर्ण रूपास लावू नये. मूलस्थान अज्ञात असलेले रोप प्रात्यक्षिकास उपयोगी पडते, पण भौगोलिक भेदाविषयी ते काहीच सांगू शकत नाही. रूपांचा दक्षिणोत्तर विस्तार आणि त्यांची शाखांची संख्या यांचा संबंध असल्याचे दिसते. तो हवामानाशी जुळवून घेतल्यामुळे आहे की केवळ वंशपरंपरेमुळे, हा या जातीचा खरा मोलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ठिकाणाची नोंद असलेल्या अनेक व्यक्तींवाचून मिळणे शक्य नाही.

आपल्याकडे हे काम करावयाचे झाल्यास बी किंवा मुळे परदेशांतून आणताना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आवश्यक ती परवानगी व रोगमुक्ततेचा दाखला घेणे बंधनकारक आहे. त्याहून महत्त्वाचे पथ्य असे की, ही रोपे काचगृहाबाहेर जाता कामा नयेत. मुळाच्या लहानशा तुकड्यातून उगवणारी ही बहुवर्षायू वनस्पती सड्यावरील ओलसर खळग्यात टाकली गेली, तर तेथील एका पावसाळ्यापुरत्या जगणाऱ्या दवबिंदूंस ती प्रतिस्पर्धी ठरू शकेल. कुंडीतील टाकाऊ मिश्रण उकळून किंवा वाफवूनच बाहेर टाकावे.

ज्या विभागात परदेशी रोपे मिळण्याची सोय नाही, तेथेही निराश होण्याचे कारण नाही. येथे सांगितलेली पद्धती एकट्या ड्रॉसेरा बायनाटाची नव्हे. आपल्या सड्यांवरील ड्रॉसेरा इंडिकाची काही रोपे तांबूस तर काही हिरवी, काही उंच तर काही ठेंगणी दिसतात. हा भेद ओलाव्याचा, उन्हाचा की आनुवंशिक, हे विचारावयास हरकत नाही. तेथे मुळांचे तुकडे उपयोगी पडणार नाहीत. बियांपासूनच रोपे वाढवावी लागतील व एका मातृरोपाच्या संततीस एक कुल समजून मांडणी करावी लागेल. पण तत्त्व तेच राहील : किती कुंड्या मोजल्या हे शेवटी विचारावे, किती स्वतंत्र व्यक्ती तपासल्या हे आधी विचारावे. एका पठारावरील एका खळग्यातून घेतलेल्या शंभर रोपांपेक्षा दहा खळग्यांतून घेतलेली दहा रोपे या प्रश्नापुरती अधिक मोलाची आहेत.

द्विशाखी दवबिंदूच्या पानाचा प्रत्येक फाटा म्हणजे एकाच क्रियेची पुनरावृत्ती होय. तीस टोके असली तरी पान एकच असते. मुळांच्या तुकड्यांपासून केलेल्या तीस कुंड्यांविषयीही असेच म्हणावे लागेल. पानाच्या बाबतीत ही गोष्ट आपण सहज मान्य करतो; प्रयोगाच्या बाबतीतही ती तितक्याच सहजतेने मान्य झाली, तर या जातीच्या रूपांविषयी विश्वासार्ह असे काही म्हणता येईल.